जपानी नोटेच्या कागदाचं झुडूप सह्याद्रीत लावावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: जपानच्या नोटांचा कागद मित्सुमाता नावाच्या झुडपाच्या सालीपासून होतो आणि ती साल आता नेपाळचे शेतकरी पुरवतात, असं प्रश्नकर्त्यांच्या वाचनात आलं. त्यांची महाबळेश्वरच्या बाजूला थोडी उताराची, सावलीची जमीन पडून आहे. तिथे हे झुडूप लावता येईल का, सालीला गिऱ्हाईक मिळेल का, आणि कागद सोडून त्याचा आणखी काही उपयोग आहे का?

आधी निकाल सांगतो: व्यापारासाठी लावू नका. हवामान हे त्याचं एक कारण, पण ते दुय्यम. मुख्य कारण असं की या पिकात किंमत झाडाला नाही, साल निवडणाऱ्या हातांना आहे, आणि हात तयार व्हायच्या आधी गिऱ्हाईक ठरलेलं असावं लागतं. हातकागद आणि जुन्या कागदपत्रांची दुरुस्ती या कामात मी बरीच वर्षं आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी झुडपाबद्दल. मित्सुमाता म्हणजे वनस्पतिशास्त्रात एजवर्थिया क्रिसॅन्था. मूळचं चीनमधलं, जपानमध्ये नेऊन रुजवलेलं. पुरुषभर उंचीचं, पानगळीचं. प्रत्येक फांदीला टोकाशी तीन फाटे फुटतात, त्या तिघांना पुन्हा तीन-तीन, त्यामुळे पानं नसतानाही लांबून ओळखू येतं. शरद ऋतूत कळ्यांचे गुच्छ लोंबायला लागतात आणि अख्खा हिवाळा तसेच लोंबत राहतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये, पालवीच्या आधी, ते उमलतात. फुलाला पाकळ्या नसतात. जे पिवळं दिसतं ती निदलाची नळी, आतून हळदी पिवळी आणि बाहेरून पांढऱ्या रेशमी लवेनं झाकलेली. वास गोड आणि बऱ्यापैकी दूर जाणारा. फांद्या इतक्या लवचीक की त्यांना सरळ गाठ मारता येते, आणि चीनमध्ये लोक तशा गाठी मारतातही.

एजवर्थिया हे नाव मायकेल एजवर्थ या आयरिश माणसावरून पडलं. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सनदी नोकरीत होता आणि वनस्पतींचा अभ्यास हा त्याचा छंद. या वंशाची दुसरी जात, एजवर्थिया गार्डनेरी, आपल्या हिमालयात आहे: नेपाळ, सिक्कीम, भूतान, अरुणाचल. नेपाळी माणूस तिला अर्गेली म्हणतो. जपानला आज जी नेपाळी साल जाते ती या अर्गेलीची. दोन्ही जाती इतक्या जवळच्या की कागदाच्या दृष्टीनं फरक करायचं कारण नाही.

जपानी कागदाचे तीन मुख्य धागे: कोझो (म्हणजे कागदी तुती), गाम्पी आणि मित्सुमाता. कोझोचा धागा लांब, सरासरी १० मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे कागद चिवट होतो. गाम्पीचा कागद चकचकीत, कडक, जवळजवळ पारदर्शक. मित्सुमाताचा धागा ३ ते ५ मिलिमीटरचा आणि बारीक. (निलगिरीच्या लाकडाचा धागा १ मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे आखूड हा शब्द इथे सापेक्ष आहे.) त्याचा कागद मऊ, सपाट, किंचित पिवळसर झाक असलेला, आणि पृष्ठभाग असा की कोरीव ठशाची केसाएवढी रेघ त्यावर स्वच्छ उठते. नोटेला नेमकं हेच लागतं. चिवटपणा कमी पडतो, म्हणून जपानी नोटेत त्याच्या जोडीला अबाका घालतात. अबाकाकडे पुढे येतो, कारण खरी गंमत आपल्यासाठी तिथे आहे.

१५९८ साली, पुढे जपानचा सत्ताधीश झालेल्या तोकुगावा इएयासुनं इझू भागातल्या शुझेन्जी गावच्या एका कागद्याला मित्सुमाता तोडायची परवानगी दिल्याचा शिक्क्याचा कागद आहे. म्हणजे तेव्हाच हे झुडूप कोणीही यावं आणि तोडावं असं राहिलेलं नव्हतं. पण त्याचं नशीब उघडलं ते मेइजी काळात (१८६८ ते १९१२). सुरुवातीच्या सरकारी कागदाला गाम्पी वापरत, आणि गाम्पी लागवडीला दाद देत नाही, जंगलातूनच आणावी लागते. नोटा छापायच्या तर कच्चा माल दरवर्षी ठरल्याप्रमाणे यायला हवा. मित्सुमाता मात्र लावता येतं. १८७९ साली सरकारी छपाई खात्यानं कॉस्टिक सोड्यात साल शिजवायची पद्धत बसवली आणि मित्सुमाता नोटेत आलं. तोक्योतल्या ओजी इथल्या त्या खात्याच्या गिरणीचा जाड, गुळगुळीत कागद युरोपातही गेला, आणि तिकडचे प्रकाशक महागड्या आवृत्त्यांसाठी तो मागवू लागले.

३ जुलै २०२४ रोजी आलेल्या नव्या १०,००० येनच्या नोटेवर शिबुसावा एइइची आहेत. १८७३ साली जपानची पाश्चात्त्य पद्धतीची कागद कंपनी काढून तिची गिरणी याच ओजीत उभी करणारे तेच. कागदवाल्याचा चेहरा कागदावर आला, असं क्वचितच होतं. १,००० येनवर कितासातो आहेत. १८९४ साली हाँगकाँगला प्लेगचा जंतू शोधणाऱ्यांपैकी एक. दोन वर्षांनी तोच प्लेग मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यात काय झालं ते मराठी वाचकाला सांगायला नको.

आता सालीवरच्या कामाबद्दल. इथे मी थांबणार आहे, कारण लागवडीचा विचार करणारे नेमका हाच भाग वगळतात.

पहिली तोड लावणीनंतर साधारण तीन वर्षांनी. बुंध्याशी कापायचं, खोडव्यातून पुन्हा फुटवे येतात, आणि दर तीन वर्षांनी पुन्हा तोड. वेळ हिवाळ्याची: पानं गळाल्यावर आणि नवी पालवी यायच्या आत. काड्या सारख्या लांबीच्या करून मोळ्या बांधायच्या, पाण्याच्या कढईवर उभ्या रचायच्या आणि वरून मोठं लाकडी पिंप उलटं घालायचं. दोन-तीन तास वाफ. पिंप उचललं की लगेच कामाला लागायचं, कारण साल गरम आहे तोवरच सुटते. गार झाली की पुन्हा लाकडाला धरते. बुडख्याकडून साल थोडी मोकळी करायची, एकानं काडी धरायची, दुसऱ्यानं ओढायचं, आणि पायातला मोजा उलटा निघावा तशी अख्खी साल एका झटक्यात निघते. उरते ती गुळगुळीत पांढरी काडी. हात भाजतात आणि तरी कोणी थांबत नाही.

ही झाली काळी साल. ती वाळवून ठेवता येते. पुढे ती पाण्यात भिजवून, फळीवर ताणून, बोथट सुरीनं बाहेरचा तपकिरी थर आणि त्याखालचा हिरवट थर खरवडायचा. राहिली ती पांढरी साल. छपाई खातं घेतं ती हीच. जिथे फांदी फुटली होती तिथे डाग राहतो, जिथे कीड लागली तिथे तांबूस खूण. हे सगळं डोळ्यांनी शोधून सुरीच्या टोकानं काढायचं. नोटेच्या कागदात एक तपकिरी ठिपका म्हणजे तपासणीत बाद झालेला कागद. साल वाळवतानाही पाऊस लागला तर पिवळी पडते आणि प्रत उतरते.

हिरव्या मोळीच्या वजनातून हाती येणारी कोरडी पांढरी साल अगदी थोडी असते. मोळीचं बहुतेक वजन लाकडात आणि पाण्यात जातं, उरलेल्यातलं पुन्हा खरवडण्यात. डोंगरात मोळ्या वाहणारा, वाफेवर उभा राहणारा, सुरी धरणारा, डाग काढणारा अशी सगळी मजुरी त्या मूठभर सालीवर बसते. एकरी इतकी झाडं गुणिले किलोचा भाव अशी गणितं मला अधूनमधून कोणी ना कोणी पाठवतं. त्यात मजुरीचा रकाना बहुधा नसतोच.

जपानमध्ये हेच झालं. ओकायामा, तोकुशिमा, शिमाने या प्रांतांतल्या डोंगरी गावांत सुगी आणि हिनोकी या सूचिपर्णी झाडांखाली, सावलीत मित्सुमाता घेत. शिकोकूच्या डोंगरात तर रान जाळून आधी धान्य, कडधान्य आणि जमीन थकली की शेवटचं पीक म्हणून मित्सुमाता अशी फेरपालट होती. आपल्याकडच्या दळी (डोंगरउतारावरची फिरती शेती) पाहिलेल्यांना हे नवं वाटणार नाही. मग तरुण शहरात गेले, म्हातारे दमले, आणि खात्याला साल पुरेनाशी झाली. लागवड कमी झाली तरी झुडूप मात्र कमी झालं नाही. हरणं ते खात नाहीत. बाकी सगळं चरून झालं की सुगीच्या रानात जमिनीलगत मित्सुमाताच उरतं, आणि मार्चमध्ये तान्झावाच्या डोंगरात लोक ही पिवळी रानं बघायला गर्दी करतात. साल काढायला कोणी नाही, फोटो काढायला सगळे आहेत.

म्हणून नेपाळ. १९९०च्या दशकात ओसाकाच्या एका कंपनीनं तिथे काम सुरू केलं. अर्गेली डोंगरात आधीच होती. कुंपणाला लावायची किंवा सरपणाला तोडायची, एवढंच तिचं मोल. जपान्यांनी लागवडीची पद्धत, वाफ देणं, खरवडणं, प्रत लावणं हे शिकवलं, तज्ज्ञ पाठवले, आणि माल घ्यायची हमी दिली. २०१५ च्या भूकंपानंतरही हे काम टिकलं. आज जपानी नोटेतली बहुतेक मित्सुमाता-साल नेपाळची आहे. डोंगरातून काठमांडू, तिथे तपासणी, मग रस्त्यानं पश्चिम बंगालपर्यंत, आणि पुढे जहाजानं योकोहामा. यातलं लक्षात घ्यायचं ते इतकंच: तिथे गिऱ्हाईक आधी आलं, पीक नंतर. तुमच्या जमिनीला हा क्रम उलटा लागू होणार आहे. आणि जपानमध्येच रोखीचा वापर कमी होत चाललाय, ही गोष्ट वेगळीच.

आता महाबळेश्वर. उंची १,३५० मीटरच्या आसपास, हवा गार, सावली आहे, उतार आहे. कागदावर सगळं जमतंय. अडतं ते पाण्याच्या वेळेत. या झुडपाला जमीन वर्षभर ओलसर पण निचऱ्याची लागते, पालापाचोळा कुजलेली. महाबळेश्वरला जून ते सप्टेंबर पाऊस कोसळतो आणि ऑक्टोबरपासून मेपर्यंत जांभा कोरडा ठणठणीत. मित्सुमाताची मुळं उथळ असतात. साचलेल्या पाण्यात ती कुजतात, आणि एप्रिलच्या उन्हात पानं दुपारपर्यंत माना टाकतात. पाणी देऊन, आच्छादन घालून दोन-चार झुडपं जगवता येतील, बागेत फुलासाठी. पीक म्हणून नाही. शिवाय रोपं किंवा बी बाहेरून आणायचं तर आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य दाखला लागतो. बॅगेतून गुपचूप आणू नका.

कोणीतरी तुम्हाला त्याऐवजी कागदी तुती लावायला सांगेल, ते ऐकू नका. इस्लामाबादेत ती हौसेनं लावली आणि आता दर वसंतात तिच्या परागांनी अर्धं शहर शिंकतं आणि धापा टाकतं. जी वनस्पती कुठेही वाढते ती कुठेही पसरते.

लंडन, सिअॅटल किंवा तत्सम ठिकाणी राहणाऱ्या मराठी मंडळींचा प्रश्न वेगळा. तिथे ही बागेतली चांगली वनस्पती आहे. अर्धी सावली, वाऱ्याचा आडोसा, आणि दाराजवळची जागा, म्हणजे थंडीत वास घरात येतो. एकदा लावलं की हलवू नका, मुळं दुखावलेली सोसत नाहीत. नारिंगी-तांबड्या फुलांचेही वाण मिळतात. वासाला मात्र पिवळंच बरं, असं माझं मत.

कागदाखेरीज उपयोग थोडे आहेत, पटकन सांगतो. साल काढलेल्या, पांढऱ्या केलेल्या त्रिशाखी काड्या जपानी पुष्परचनेत वापरतात. साल गेल्यावर उरणारं लाकूड असं मार्गी लागतं. ओकायामातल्या त्सुयामा गावचा मित्सुमाताचा पातळ कागद कानाझावाच्या सोन्याच्या वर्खाच्या पानांमध्ये घालतात, कारण वर्ख त्याला चिकटतही नाही आणि सरकतही नाही. चिनी वैद्यकात याच्या फुलांना डोळ्यांच्या तक्रारींवर स्थान आहे. पण हे कूळ विषारी आहे, म्हणूनच हरणं तोंड लावत नाहीत. फुलांचा काढा वगैरे घरी करून बघू नका.

तुमच्या जमिनीसाठी मला जे सुचतं ते दुसरंच. या झुडपाचा एक सख्खा नातेवाईक तुमच्या बांधावर बहुधा आधीच उभा असेल: रामेठा. महाबळेश्वर, पाचगणी, कास, सिंहगड, सगळीकडे हिवाळ्यात पिवळ्या फुलांचे गेंद घेऊन उभा असतो. कूळ तेच, फुलाची घडण तीच: नळी, बाहेरून लव, डोक्यासारखा गुच्छ. बोटाएवढी काडी मोडून बघा. लाकूड कट्कन मोडतं आणि साल तुटत नाही, दोन्ही तुकडे तिला लोंबत राहतात. ओढली तर लांब पट्टा निघतो. त्याच्या पाल्यासालीनं पूर्वी ओढ्यात मासे मारत, तेव्हा हातमोजे घाला आणि डोळ्यांना हात लावू नका. रानातला तोडू नका, स्वतःच्या बांधावरचा घ्या, आणि बुंधा राखून घ्या.

प्रयोग करायचाच तर असा. साल काढून बाहेरचा थर खरवडा, वाळवा, वजन करा. रात्रभर भिजवा. कोरड्या सालीच्या वजनाच्या साधारण १५ ते २० टक्के धुण्याचा सोडा पाण्यात उकळा आणि त्यात साल घाला. भांडं स्टीलचं; अॅल्युमिनियम सोड्यात खराब होतं आणि पाणी काळं करतं. स्वयंपाकाचं भांडं तर मुळीच नको, आणि चूल घराबाहेर मांडा. दोन-अडीच तासांनी एक पट्टी काढून बोटांत आडवी ओढा. सहज सुटली तर झालं. रबरासारखी ताणली तर अजून वेळ आहे. मग वाहत्या पाण्यात धुवायचं, पांढऱ्या थाळीत पसरून काळे ठिपके चिमट्यानं वेचायचे, आणि लाकडी मोगरीनं कुटायचं. मिक्सरला लावलं तर धागा कापला जातो, सगळी मेहनत पाण्यात.

कुटलेला लगदा पाण्यात कालवून जाळीच्या चौकटीनं कागद उचलतात; त्या पाण्यात चिकट रस घालावा लागतो. तो गोंद म्हणून घालत नाहीत. धागे तळाशी बसू नयेत, एकमेकांत गुंतू नयेत आणि पाणी सावकाश निथळावं एवढ्यासाठी. जपानी कागद करणारे तोरोरो-आओइ नावाच्या झाडाच्या मुळाचा रस घालतात, आणि ते आपल्या भेंडीच्या वंशातलंच. आपल्या गुऱ्हाळात उसाच्या रसातली मळी वर आणायला भेंडीचा चिकटा घालतात ते माहीत असेलच. भेंडीचे देठ, खोड ठेचून पाण्यात ठेवा, गाळून तो रस वापरा. ताजा वापरा, उन्हाळ्यात त्याचा चिकटपणा लवकर उतरतो, म्हणून जपानातही कागदाचा खरा हंगाम थंडीचा.

हे हौसेपुरतं. धंदा म्हणून विचार करायचा असेल तर अबाकाकडे बघा, म्हणजे जपानी नोटेतल्या दुसऱ्या धाग्याकडे. अबाका म्हणजे फिलिपाइन्समधली केळ, खायच्या केळीच्याच वंशातली, खुंटातल्या सोपांच्या धाग्यासाठी लावलेली. जळगावात घड उतरवल्यावर केळीच्या खुंटांचे ढीग पडतात. त्यांचा धागा अबाकाइतका चिवट नाही, पण सुती लगद्यात मिसळला तर कागद अंगानं सुधारतो. पुण्याच्या हातकागद संस्थेची १९४० पासूनची परंपरा सुती कापडाच्या कात्रणांची आहे, जुन्नर आणि कागजीपुऱ्याची त्याआधीची तागाच्या जुनेराची. आपल्या नोटेचा कागदही कापसाचाच. म्हणजे इथली पद्धत टाकाऊवर उभी आहे, लागवडीवर नाही, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

भारतातच सालीचा कागद बघायचा असेल तर अरुणाचलातल्या तवांगला जा. मोनपा लोकांचा मोन शुगु हा कागद याच कुळातल्या झुडपाच्या सालीचा. धार्मिक पोथ्या त्यावर लिहीत. तो जवळजवळ बंद पडला होता, २०२० साली खादी ग्रामोद्योग आयोगानं तिथे पुन्हा काम सुरू केलं. आणि अर्गेली फुललेली बघायची तर हिवाळा सरताना सिक्कीमच्या डोंगरात.

शेवटचा मुद्दा विकत घेणाऱ्यांसाठी. दुकानात ‘जपानी कागद’ म्हणून कोझो, मित्सुमाता, लाकडाचा लगदा असं सगळंच मिळतं. ताव कानाजवळ धरून हलवा: गाम्पी खडखडते, मित्सुमाता जवळजवळ गप्प असते. कोपरा ओला करून हळू फाडा. कोझोच्या कडेला लांब केस सुटतात, मित्सुमाताची कड आखूड आणि मऊ निघते. लाकडाच्या लगद्याची कड तुटकी, पिठासारखी. मोडी कागदपत्रांच्या दुरुस्तीसाठी घेत असाल तर कोझोच घ्या, पातळातली पातळ. मित्सुमाता फाटलेल्या घडीला धरून ठेवण्याइतकी चिवट नाही. सुलेखनाला, बारीक रेघेच्या छपाईला, छायाचित्रांच्या मधे घालायला मात्र ती उत्तम. मित्सुमाताला कीड लागत नाही असा तिचा लौकिक आहे. पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यातल्या कसरीवर आणि बुरशीवर त्याच्या भरवशावर राहू नका. कागद कोरड्या कपाटात, भिंतीपासून सुटा ठेवा आणि दर पावसाळ्यानंतर एकदा उघडून बघा.